भुताला मानधन नाही

तरुण प्रेक्षकांसाठी स्वस्तात मानसशास्त्रीय भयपट काढू पाहणाऱ्या मंडळींनी सेक्टर 67 मधला भाड्याचा फ्लॅट निवडला, याबद्दल त्यांचं अभिनंदन करावं तेवढं थोडं. सांगायला चंदीगड, हद्दीने मोहाली. आपण नक्की कुठे आहोत हे नायकाला कळत नाही, आणि हा परिणाम फुकटात मिळतो. शेजारच्या चंदीगडात तर कित्येक वर्षं सेक्टर 13 नव्हताच. 2020 मध्ये तो आकडा मणिमाजऱ्याला बहाल झाला. माणसं जागेवरच होती, अपशकुन चालत आला.

राम गोपाल वर्मांनी 1999 च्या ‘कौन’मध्ये एक घर आणि तीन पात्रांत भागवलं. अमेरिकेत ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ दिग्दर्शकाच्याच घरात, सुमारे 15 हजार डॉलरमध्ये उरकला. आमच्या मंडळींना ही उधळपट्टी मान्य नाही. भूत मनातलं, म्हणून मेकअप नाही. मन प्रेक्षकाचं, म्हणून नटही नाहीत.

कोवळ्या वयाचीही काळजी घेतली आहे. 2024 पासून यूए प्रमाणपत्राला 7, 13 आणि 16 अशा पायऱ्या आहेत. मुंडकं उडालं तर हल्लीची पोरं हसत पॉपकॉर्न खातात. तेव्हा शेवटी मोबाईलवर आईचा एकच मेसेज दिसतो : ‘आधी जेवून घे. मग बोलू.’ हे दृश्य 16 च्या खाली नको, असं जाणकारांचं मत पडलं.

घरमालकांनी पटकथा ऐकली आणि भाडं वाढवलं. करार तिघांचा होता. चौथं दिसत नसलं तरी पाणी वापरणारच.