बारा बोअरचा गृहप्रवेश

पंप अॅक्शन शॉटगन ही गुळगुळीत नळीची, सहसा बारा बोअरची, खांद्याला लावून झाडायची बंदूक असून तिच्या नळीखाली आणखी एक नळी असते. वरच्या नळीतून छर्रे बाहेर जातात. खालच्या नळीत चार-पाच काडतुसे एकामागे एक पडून असतात. खालच्या नळीवरचा दांडा हाताने मागे ओढला की झाडलेल्या काडतुसाचे टरफल बाजूच्या खिडकीतून बाहेर उडते आणि आतला घोडा चढतो. तोच दांडा पुढे ढकलला की नवे काडतूस वर उचलले जाऊन जागेवर बसते. यात वीज नाही, बॅटरी नाही, वायफाय नाही. नागपूरच्या प्रताप नगरात अलीकडे विकत आणल्या जाणाऱ्या वस्तूंमध्ये ही बहुधा एकमेव वस्तू अशी, की जी ‘बसवून द्यायला’ कंपनीचा माणूस येत नाही आणि जिचे रेटिंग द्या म्हणून फोनही येत नाही.

रचना जुनी आहे. ख्रिस्तोफर स्पेन्सरची अशी बंदूक अमेरिकेत १८८०च्या दशकात निघाली, जॉन ब्राउनिंगने आखलेले विंचेस्टरचे १८९७चे मॉडेल गाजले, आणि १९५०मध्ये आलेल्या रेमिंग्टन ८७०च्या तर एक कोटीहून जास्त बंदुका तयार झाल्या. प्रताप नगरच्या परवानाधारकाने हा सगळा इतिहास यूट्यूबवर दीड पट वेगाने पाहिलेला असतो. हातात पडणारी बंदूक मात्र देशी असते, कारण सामान्य नागरिकासाठी परदेशी बंदुकांची आयात १९८०च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. सरकारी पंप अॅक्शन तिरुचिरापल्लीच्या आयुध निर्माणीची. काडतुसे पुण्याजवळच्या खडकीची, जिथला दारूगोळा कारखाना १८६९पासून चालू आहे. ऑक्टोबर २०२१मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, तेव्हा बंदूक कानपूरच्या कंपनीकडे गेली आणि काडतूस पुण्याच्या कंपनीकडे. नागपूरच्या वाट्याला अंबाझरीला यंत्र इंडिया या आणखी एका कंपनीचे मुख्यालय आले. अंबाझरीच्या निर्माणीतून निवृत्त झालेला एखादा गृहस्थ आसपासच्या गल्लीत सापडतोच. नव्या बंदुकीवर पहिला अभिप्राय त्याचा. तो नळी उजेडाकडे धरून एक डोळा मिटतो, दांडा एकदा मागेपुढे करतो आणि म्हणतो, “फिनिशिंग आमच्या टायमाले असं नव्हतं, काकाजी.” अंबाझरीत बंदुका कधी बनत होत्या का, हे विचारण्याची पद्धत नाही.

नळीची लांबी ही पहिली निराशा. सिनेमातला नायक एका हाताने फिरवतो ती आखूड नळी इथे चालत नाही. २० इंचांपेक्षा कमी लांबीची गुळगुळीत नळी भारतात सामान्य परवान्यावर मिळत नाही, म्हणून घरी येणारी बंदूक बटासकट मीटरभर भरते. वजन तीन-साडेतीन किलो. दुकानात ते जाणवत नाही. घरी आरशासमोर खांद्याला लावून उभे राहिल्यावर मिनिटभरातच जाणवते, आणि नळीचे टोक हळूहळू ड्रेसिंग टेबलावरच्या पावडरच्या डब्याकडे झुकू लागते.

बंदुकीचा सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे परवाना. तो नसला तर बंदूक चालत नाही. बंदूक नसली तरी परवाना मात्र उत्तम चालतो, विशेषतः लग्नाच्या पंगतीत. नागपूर शहरात तो पोलीस आयुक्त देतात, शहराच्या हद्दीबाहेर जिल्हाधिकारी. १९५९च्या शस्त्र अधिनियमाचे १३वे कलम वाचले तर मन प्रसन्न होते. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान २० इंची गुळगुळीत नळीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला परवाना द्यावा, असे त्यात चक्क लिहिले आहे. १४वे कलम वाचले की प्रसन्नता ओसरते, कारण सार्वजनिक शांततेच्या कारणाने तो नाकारताही येतो. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून मात्र नकार देता येत नाही, अशी गरिबांची सोयही त्यातच केलेली आहे. प्रताप नगरात अडचण उलटी होते. धोका पटवून द्यायचा तर मालमत्ता दाखवावी लागते, आणि मालमत्ता दाखवली की आयकर खात्याचा नवा धोका उभा राहतो.

२०१६च्या शस्त्र नियमांनी यात दोन अटींची भर घातली. एक, शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण. दुसरी, अर्जदार शरीराने आणि मनाने ठीक असल्याचा डॉक्टरचा दाखला. या दुसऱ्या कागदामुळे मन ठिकाणावर असल्याचा लेखी पुरावा बाळगणारा तो गल्लीतला एकटाच माणूस ठरतो. घरातून या दाखल्याला हरकत घेतली जाते, पण हरकतीसाठी अर्जात रकाना नाही. पोलिसांनी ३० दिवसांत अहवाल द्यावा असाही नियम आहे. चौकशीला आलेला शिपाई शेजाऱ्यांना विचारतो, की हे गृहस्थ भांडखोर आहेत का. शेजारी विचारात पडतो, कारण पार्किंगचे प्रकरण अजून मिटलेले नसते. अखेर ‘नाही’ म्हणून सही करतो आणि त्या दिवसापासून आपली गाडी स्वतःच फूटभर मागे घेऊ लागतो. गोळीबाराविना बंदुकीने साधलेला हा पहिला परिणाम. तोही बंदूक घरात येण्याआधीच. गुप्तता अशी उरतच नाही. खरेदीच्या आधीच त्रिमूर्ती नगरपासून खामल्यापर्यंत सगळ्यांना खबर असते, आणि भाजीवाला सांबार, म्हणजे कोथिंबीर, फुकट टाकताना विचारतो, “भाऊ, इलेक्शनले उभे राहून राहिले का?”

घरात प्रवेश होतो तो कापडी पिशवीतून, आणि सगळे ठाऊक असूनही शेजारी तिला पडद्याचा रॉड समजल्यासारखे दाखवतात. दारात औक्षण करावे की नाही यावर एकमत होत नाही. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात, हे सगळ्यांना ठाऊक असते; बंदुकीचे लिंबू नेमके कुठे ठेवायचे हे कोणालाच सांगता येत नाही. कुंकू लावलेच तर ते नळीच्या तेलात उतरते आणि मग फडक्याने पुसता पुसता साऱ्या बटाला गुलाबी छटा येते.

पहिल्या दिवशी सर्वांना ऐकायचा असतो तो आवाज. दांडा मागे-पुढे करताना होणारा ‘खडक्‌-खडाक्‌’ ऐकूनच चोर पळतो, अशी अमेरिकेत समजूत आहे. ती तिथल्या शांत वस्त्यांत खरी असू शकेल. प्रताप नगरात त्या आवाजाला कुकरची शिटी, मिक्सर, बोअरवेलची मोटर, कचरागाडीचे गाणे आणि मंगल कार्यालयातला डीजे या सगळ्यांमधून वाट काढावी लागते. आतल्या खोलीतून “काय पडलं?” एवढीच प्रतिक्रिया येते. शिवाय या समजुतीसाठी चोराला अमेरिकन सिनेमे पाहायची सवय असावी लागते.

हाताळणीतला नवशिक्याचा ठरलेला दोष म्हणजे दांडा अर्ध्यावरच ओढणे. भीतभीत, आवाज होऊ नये अशा बेताने मागे घेतला की टरफल निम्मे बाहेर, निम्मे आत अडकते आणि मागून येणारे नवे काडतूस त्याला टेकून थांबते. हे यंत्र संकोची माणसासाठी बनवलेले नाही. दांडा शेवटपर्यंत, जोर लावून ओढायचा आणि तसाच पुढे फेकायचा, हे प्रशिक्षकाला पुनःपुन्हा सांगावे लागते. तीस-पस्तीस वर्षे सरकारी नोकरीत प्रत्येक फाइल निम्मी पुढे सरकवून थांबण्याची सवय लागलेल्या हाताला ते सहज जमत नाही. सरावाच्या मैदानात पहिला बार काढताना बट खांद्याला घट्ट टेकवलेला नसला, तर काळानिळा वळ उठतो. तो आयोडेक्स लावून लपवला जातो आणि वासावरून घरात उघड होतो.

घरात ठेवण्याचा प्रश्न खरेदीआधी कोणी विचारात घेत नाही. बंदूक रिकामी, कुलपात आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवायची असते. ही अपेक्षा योग्यच आहे. पण लोखंडी कपाटाचा उभा कप्पा शालू-पैठण्यांनी आधीच व्यापलेला असतो आणि तो ताबा कोणत्याही कायद्याने सुटत नाही. तडजोडीअंती बंदुकीला मागचा कोपरा मिळतो. तिला डांबरगोळ्यांचा वास लागतो, पैठणीच्या पदराला तेलाचा डाग लागतो, आणि त्यानंतर घरातल्या धोक्याचे स्वरूप बदलते. काडतुसे वेगळ्या कुलपात, किल्ल्या वेगळ्या ठिकाणी, आणि ते ठिकाण विसरलेले. समजा रात्री दोन वाजता चोर आलाच, तर त्याने निदान अर्धा तास थांबण्याचा समजूतदारपणा दाखवला पाहिजे.

नागपूरचा म्हणून एक खास शत्रू आहे, तो म्हणजे कूलर. एप्रिल ते जून पारा पंचेचाळिसाकडे गेला की खिडकीतला कूलर दिवसरात्र ओली हवा आत फेकतो. ताट्यांचा सुगंध माणसाला सुखावतो, लोखंडाला नाही. बाहेर रखरखीत उन्हाळा असताना बंद कपाटातल्या नळीवर तांबूस ठिपके उठतात. परदेशी माहितीपुस्तिकांत पावसाळी प्रदेशाबद्दल सूचना असतात. स्वतःच्या बेडरूममध्ये पैसे खर्चून पावसाळा करणाऱ्या शहराबद्दल नसतात. त्यामुळे मे महिन्यात बंदुकीला तेलपाणी करणे हे परवानाधारकाचे मुख्य काम होते. संरक्षण म्हणतात ते हेच; फक्त कोण कोणाचे करतो हा तपशील वेगळा.

उपयोगांकडे वळले तर यादी झपाट्याने आखडते. छर्ऱ्यांचा उपयुक्त पल्ला चाळीस मीटरच्या आसपास. आजचा चोर मात्र कितीतरी दूर बसून, वीजबिल थकले आहे, आज रात्री कनेक्शन कापणार, असा निरोप पाठवतो आणि ओटीपी मागतो. परवानाधारक तो देतोही. बंदूक त्या वेळी कपाटात पूर्ण सुस्थितीत असते. शिकार १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. मे २०२१च्या अखेरीस गायत्रीनगर-आयटी पार्कच्या बाजूला बिबट्या दिसला, तेव्हा परिसरातल्या बऱ्याच पुरुषांना आपल्याकडे बंदूक असायला हवी होती, असे मनापासून वाटले. वनखात्याने कॅमेरे लावले, शोध घेतला. बिबट्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या आदेशाशिवाय त्याला मारले तर थेट तुरुंगाची वाट, आणि सद्हेतूने केलेला स्वतःचा बचाव हा अपवाद सिद्ध करायचा तर आधी बिबट्या पुरेसा जवळ यावा लागतो. बाल्कनीतून ते जमत नाही.

राहता राहिले लग्न. वरातीत हवेत बार काढण्याची उत्तरेकडची हौस इकडे फारशी रुजली नाही, पण मेहुण्यांचा आग्रह कुठेही सारखाच. शस्त्र अधिनियमाच्या २०१९च्या दुरुस्तीने आनंदासाठी केलेल्या अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. एवढ्या पैशात डीजे येतो आणि आवाजही जास्त होतो. त्याच दुरुस्तीने एका माणसाला बाळगता येणाऱ्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली. प्रताप नगरच्या दृष्टीने दुसऱ्या बंदुकीचा प्रश्न कपाटापाशीच निकालात निघतो.

वर्षातला एक दिवस मात्र बंदुकीचा असतो, खंडेनवमीचा. एरवी या दिवशी घरोघर स्कूटर, लॅपटॉप, पाना-पकड आणि फूड प्रोसेसर यांची शस्त्रे म्हणून पूजा होते आणि देवही ते चालवून घेतो. त्या पाटावर खरे शस्त्र आले की बाकीची मंडळी ओशाळतात. नळीला झेंडूची माळ घातली जाते, फोटो निघतो, तो नातेवाइकांच्या गटात जातो आणि तिथला वकील चुलतभाऊ तो ताबडतोब काढायला सांगतो. माळेतल्या दोन-चार पाकळ्या टरफलाच्या खिडकीतून आत शिरतात. त्या दिवाळीपर्यंत निघत नाहीत.

आणि निवडणूक. आचारसंहिता लागली की शस्त्रे ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. कोणाची घ्यायची हे छाननी समिती ठरवते. २०२४मध्ये लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चपासून ४ जूनच्या निकालाच्या पलीकडे गेली आणि विधानसभेची १५ ऑक्टोबरला लागली. ज्याच्या नावे नोटीस येते तो वर्षातले बरेच महिने बंदुकीची पावती सांभाळतो. निदान त्या काळात कूलरपासून तिची सुटका होते. नोटीस येते तेव्हा तो त्रास सांगत गल्लीभर फिरतो. नोटीस येत नाही तेव्हा जास्त दुखावतो, कारण समितीच्या मते त्याच्यापासून लोकशाहीला काहीच धोका नाही, हे आता नोंदीत गेलेले असते.

धारक ७० वर्षांचा झाला, किंवा बंदूक २५ वर्षे त्याच्याकडे राहिली, की कायदेशीर वारसाच्या नावे परवान्याचा अर्ज करता येतो. वारस पुण्यात हिंजवडीला असतो, दहाव्या मजल्यावर, जिथे स्वयंपाकाचा गॅससुद्धा नळाने येतो आणि कपाटे भिंतीत बसवलेली, उथळ. तो फोनवर, “बाबा, विकून टाका ना,” म्हणतो. विकायची तर घेणाराही परवानाधारकच लागतो, आणि गल्लीत तसा दुसरा कोणी नसतो. तोवर परवाना असलेल्या विक्रेत्याकडे ती जमा ठेवता येते. त्याचे भाडे पडते आणि ते बाबांच्या पेन्शनमधून जाते.