चालायला गाडी काढून

शनिवारी पहाटे पुण्यातून गाड्या निघतात. माथेरान, वाई, पणजी, कुणी त्याहून लांब. टोल, घाटातली रांग, पार्किंगसाठी पाऊण तास. कशासाठी? गाडी लावून पायी फिरण्यासाठी.

हे फिरणं घराजवळ का मिळत नाही, हे रविवारी रात्री परतताना गाडीत कुणीच विचारत नाही.

गेल्या महिन्यात आईला घेऊन माथेरानला गेले होते. आईचं वय ७४. दस्तुरी नाक्यावर खासगी गाड्या थांबतात, पुढे बाजारपेठेपर्यंत झाडांखालचा रस्ता. अडीचेक किलोमीटर असेल. आई चालली. वाटेत दोनदा बसली, शेंगा खाल्ल्या, उठून पुन्हा चालली. दुसऱ्या दिवशी शार्लोट तलावापर्यंत जाऊन आली.

घरापासून भाजीवाला चारशे पावलांवर आहे. तिथं जायला तिला रिक्षा लागते.

गुडघे तेच, बाई तीच. बदलला तो रस्ता. सावली, टेकायला जागा, मागून हॉर्न नाही. म्हातारपणी चालायला एवढंच लागतं आणि एवढंच आपण शहरात ठेवलेलं नाही.

माथेरानच्या बाजारपेठेत आईबापांचे हात बघा. मोकळे असतात. पोरं पुढे पळतात, मागे येतात, कुणी ओरडत नाही. हाच बाप शहरातल्या रस्त्यावर पोराचं मनगट क्षणभर सोडत नाही.

तो भीतीनं धरतो.

भीती खोटीही नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे रोज ९० माणसं. त्यांच्यातलं कुणी दूध आणायला निघालं असेल, कुणी शाळेतून घरी.

‘माथेरानचं वेगळं आहे हो, ते थंड हवेचं ठिकाण,’ असं लगेच ऐकू येतं. वेगळं काय आहे? १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी तो डोंगर पुढे आणला, १९०७ मध्ये नेरळहून छोटी रेल्वे वर चढली. दस्तुरीपर्यंत डांबरी रस्ताही आला. तिथून पुढे मोटार नेणं काही अवघड नव्हतं. मोटार गेली नाही, कारण जाऊ द्यायची नाही असं ठरलं आणि ते पाळलं गेलं. २००३ मध्ये केंद्रानं हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, त्यानं त्या निर्णयाला आणखी बळ मिळालं.

ठरवणं. बाकी काही नाही.

मात्र पायी चालणाऱ्यांच्या गावात न चालू शकणाऱ्यांचं काय, हा प्रश्न माथेराननं फार वर्षं माणसाच्या छातीवर ढकलला. हातरिक्षा ओढणारा धापा टाकायचा आणि आत बसलेला फोटो काढायचा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्या, असं बजावलं. फार उशिरा, पण योग्य झालं. आजारी माणसाला, बाळंतिणीला, शाळेच्या मुलाला हळू चालणारं एखादं वाहन लागणारच. त्याला विरोध करणाऱ्यांनी एकदा हातरिक्षाचा दांडा धरून दस्तुरीचा चढ चढून पाहावा.

आता वाई. तिथं मोटारबंदी नाही, तरी पाय आपसूक चालतात. का?

कारण सगळं जवळ आहे. कृष्णेचा घाट, ढोल्या गणपती, मंडई, वाडे, विश्वकोशाचं कार्यालय. एका कामाला निघालेला माणूस वाटेत तीन कामं उरकतो आणि चार ओळखीचे भेटतात. आळीत खिडक्या रस्त्याकडे उघडतात, ओट्यावर कुणीतरी बसलेलं असतं. अशा आळीतून रात्री नऊला बाई एकटी निर्धास्त जाते. कुणीतरी बघतंय, हे तिला ठाऊक असतं.

नव्या शहरातल्या इमारती बघा. खालचे चार मजले गाड्यांचे. रस्त्याकडे काय? भिंत. शंभर पावलं भिंत, मग गेट, मग पुन्हा भिंत. त्या भिंतीच्या कडेनं अंधार पडल्यावर कोण चालेल?

आणि घाटापर्यंत पायी जावं म्हणून वाईला आलेले आपण गाडी कुठे लावतो? घाटाच्या तोंडाशी. शनिवारी तिथल्या एमएच १२ पाट्या मोजा. ज्याला कंटाळून निघालो, तेच बरोबर घेऊन आलो.

शहरातलंच उदाहरण हवं असेल, तर मुंबईत रविवारी सकाळी दादाभाई नौरोजी रस्त्यावर जा. सीएसएमटीपासून फ्लोरा फाउंटनकडे कमानींखालून चालत राहा. ऊन नाही, पाऊस नाही. तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानीची पडवी ठेवलीच पाहिजे, अशी अट इथं इंग्रजांच्या काळातच इमारतींना घातली होती. जागा मालकाची, सावली सगळ्यांची. शंभराहून जास्त वर्षं ती अट माणसांना कोरडं ठेवते आहे.

आज बांधकामाचा नकाशा मंजूर होताना गाड्या किती मावतील हे विचारलं जातं. सावली किती पडेल हे कोण विचारतं?

पुदुच्चेरीत समुद्राकाठचा रस्ता संध्याकाळी ६ ते सकाळी ७.३० वाहनांना बंद असतो. उड्डाणपूल नाही, भुयार नाही. अडथळे आडवे टाकले की अख्खं गाव रस्त्यावर येऊन बसतं.

आता आपल्या गल्लीत या. पदपथ आहे का? आहे. एका सोसायटीच्या गेटपाशी तो खाली उतरतो, पुढे चढतो, पुढच्या गेटला पुन्हा उतरतो. मधे विजेची डीपी, मग लोखंडी खांब, मग कुणाची तरी दुचाकी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या सूचना सांगतात: चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी, उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. वहीत माप चोख आहे. आमच्या गल्लीत मी टेप लावून मोजलं. डीपीपाशी दोन वीतही जागा उरत नाही.

गेटपाशी पदपथ सपाटच राहावा, गाडीनं चढून ओलांडावं, हे इतकं साधं आहे. गाडीला इंजिन आहे. चढायचं काम आपण गुडघ्यांना दिलं.

आणि रस्ता ओलांडायला पूल! चाळीस पायऱ्या वर, चाळीस खाली. मोटारीचा वीस सेकंदांचा खोळंबा वाचावा म्हणून.

पुण्यानं २०१६ मध्ये पादचारी धोरण केलं. जंगली महाराज रस्त्याचा पदपथ रुंद झाला, बाकं आली, मुलांना खेळायला जागा आली, आणि माणसं लगेच आली. कुणाला आमंत्रण द्यावं लागलं नाही. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा वाहनांना बंद ठेवतात. त्या दिवशी तिथं रांगोळ्या असतात, आजोबा खुर्ची टाकून रस्त्याच्या मधोमध बसतात.

एक दिवस. उरलेले ३६४ कुणाचे?

‘गाड्या बंद केल्या तर गिऱ्हाईक कसं येईल,’ असं दुकानदार म्हणतात. गणपतीत पेठांमध्ये गाड्या बंद असतात. तेव्हा गिऱ्हाईक कुठून येतं? गाडीत बसलेल्या माणसाला दुकानाची पाटी दिसते. चालणाऱ्याला काचेतली साडी दिसते.

२०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, चालण्याजोगा पदपथ हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. जगण्याचा हक्क! म्हणजे डीपीपाशी रस्त्यावर उतरावं लागतं, तेव्हा आपण तो हक्क पदपथावर ठेवून उतरतो.

वॉर्डात मत मागायला येतात, तेव्हा आपण काय मागतो? पार्किंग. मीही आजवर कुणाला पदपथ मागितला नव्हता. यंदा टेपनं घेतलेली मापं कागदावर लिहून ठेवली आहेत, डीपीच्या फोटोसकट.

माथेरानहून रविवारी रात्री परतलो. डॉक्टरांनी आईला रोज अर्धा तास चालायला सांगितलं आहे. सोमवारी संध्याकाळी ती गच्चीवर गेली. पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत, कठड्यापासून टाकीपर्यंत.