साच्याची मोजणी

॥ श्री ॥

मुक्काम बॉस्टन,
भाद्रपद वद्य पंचमी

तीर्थस्वरूप दादा व सौ. वहिनी यांच्या चरणी बालकाचे शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपले पत्र पावून मजकूर अवगत झाला. उत्तरास विलंब झाला तो आळसामुळे नव्हे. गणेशचतुर्थीच्या आगेमागे आमच्या स्वयंपाकघरात जी औद्योगिक क्रांती झाली, तिच्या पसाऱ्यात टेबलावर पत्राचा कागद मावेल एवढी जागाच उरली नव्हती.

तपशील असा की, चि. ताई येथील महाविद्यालयात यंदा डिजिटल फॅब्रिकेशन नावाचा विषय शिकते. संगणकाच्या पडद्यावर वस्तूचे रेखाटन करावयाचे, ते यंत्राकडे रवाना करावयाचे, आणि यंत्राने ती वस्तू कापून, कोरून अथवा थरावर थर रचून हजर करावयाची, असा या विद्येचा सारांश. तिचे पीठ आमच्यापासून दूर नाही. नदीपलीकडच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये 1952 साली छिद्रे पाडलेल्या कागदी फितीच्या हुकुमावर धातू कोरणारे यंत्र लोकांना दाखविण्यात आले. आणि 1963 साली तेथेच आयव्हन सदरलँड यांनी प्रकाशाच्या लेखणीने पडद्यावर अशा सुशील रेघा ओढल्या, की हात थरथरला तरी 'समांतर व्हा' असे फर्मावताच त्या समांतर होत. सबंध हयात मोजणीखात्यात घालवून आपण जे फाळणी-नकाशे काढलेत, त्यांतल्या एका तरी बांधाची रेघ एवढी आज्ञाधारक निघती, तर आपणांस पेन्शनीपर्यंत चार चष्मे बदलावे लागले नसते.

असो. यंदा सौ.ने असा हुकूम सोडला, की ताईने उकडीचे मोदक वळावयास शिकलेच पाहिजे. आपल्या पुतणीची पारी एका बाजूस कागदासारखी व दुसऱ्या बाजूस भाकरीसारखी होते, आणि कळ्या काढू लागताच सारण खिडकीतून डोकावणाऱ्या पोरासारखे बाहेर येते. तीन मोदक धारातीर्थी पडल्यावर तिने पीठ झटकले आणि म्हणाली, "आई, मी मोदक वळणार नाही. मोदकाचा साचा तयार करीन."

पहिला साचा आला तो मोहरीएवढा. आकृती ज्या फाइलीतून यंत्राकडे जाते, त्या एसटीएल नावाच्या फाइलीत आकडे असतात, परंतु ते इंच की मिलिमीटर याची नोंद नसते. सातबाऱ्यावर क्षेत्र नुसते 'दोन' लिहावे आणि एकर की गुंठे हे लिहू नये, तर भाऊबंदकीच्या किती पिढ्या त्यावर कोर्टात जगतील, हे मी आपणांस काय सांगावे? ताईने साचा दोन इंचांचा काढला होता; यंत्राने दोन मिलिमीटर धरून, नव्याने रुजू झालेल्या कारकुनाप्रमाणे एक शब्दही न विचारता, हुकुमाची तामिली करून टाकली.

दुसऱ्या खेपेस माप दुरुस्त झाले. मक्याच्या पिठुळातून निघालेल्या साखरेपासून पीएलए नावाचे एक प्लास्टिक करतात. त्याची तार सुमारे 200 अंशांवर वितळवून यंत्राची चोच 0.2 मिलिमीटर जाडीचा एकेक थर घालीत जाते. पन्नास मिलिमीटर उंचीला 250 थर होतात. ती चोच रात्रभर इकडून तिकडे फिरत राहिली, आणि मी गाढ झोपेत आपल्या गावची पिठाची गिरणी ऐकत राहिलो. सकाळी दोन फाकांचा सुबक पांढरा साचा तयार होता. सौ.ने त्यात कढत उकड दाबली मात्र. मी पाहत असता त्या साच्याने आधी मान लवविली, मग कूस बदलली, आणि शेवटी मोदकाच्या अंगावर रेलून तो स्वस्थ झाला. पीएलए साठेक अंशांनाच मऊ पडते, ही माहिती ताईस पाठ होती. उकड त्याहून किती तापलेली असते, ही माहिती तिच्या आईस. दोन्ही माहित्यांची गाठ साच्यातच पडली.

तिसऱ्या खेपेस तिने मेणाच्या विटेत यंत्राने आकृती कोरून तीत सिलिकोन रबर ओतले. हे रबर उकडीला भीत नाही, परंतु त्याचा स्वभाव इतका मऊ, की पीठ दाबले की साचाच फुगतो. एकवीस मोदक झाले, एकवीसही लंबोदर. सौ. म्हणाली, "देवाला परके वाटणार नाहीत." नैवेद्य त्यांचाच झाला.

आता ताईचे शिक्षक म्हणतात, की साचा लाकडाचाच हवा, आणि आतल्या भिंतींना दोन-तीन अंशांचा उतार हवा, म्हणजे मोदक कळ्या न मोडता सुटेल. हे ऐकताच आपल्या आईने माहेराहून, रत्नागिरीहून आणलेला शिसवी साचा माझ्या डोळ्यांपुढे आला. तो ज्या सुताराने कोरला त्याने अंश हा शब्द ऐकलाही नसेल, पण आईचा मोदक कधी अडकलेला मला स्मरत नाही.

आणखी एक नवल. परवा रात्री ताईने विचारले, "बाबा, पाबळ कुठे आहे?" मी चमकलो. तेव्हा कळले, की मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटच्या मदतीने जगभर अशा यंत्रांच्या ज्या कार्यशाळा, म्हणजे फॅब लॅब, निघाल्या, त्यांतल्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी एक 2002 साली आपल्या शिरूर तालुक्यातल्या पाबळला, डॉ. श्रीनाथ कळबाग यांनी 1983 साली काढलेल्या विज्ञान आश्रमात निघाली. पाबळला आपण एसटीची वाट पाहत कितीदा शेंगदाणे खाल्ले! तेथली पोरे वेल्डिंग करताना दिसत, तेव्हा आपण म्हणत असू, "यांचे शाळेत लक्ष नसणार." मी विमानाचे भाडे भरून मुलीस या विद्येच्या दारी आणले; शेंगदाण्याची पुडी टाकून चार पावले चाललो असतो, तर त्या दाराशी मीच पोहोचलो असतो. आपला धाकटा घरातली घड्याळे उघडून ठेवतो अशी तक्रार आपण लिहिली आहे. त्याची रवानगी पाबळास करावी, ही विनंती.

दुसरी विनंती: माळ्यावरच्या ट्रंकेतून आईचा साचा काढून, वहिनींच्या परवानगीने, त्याची रीतसर मोजणी करावी. तोंडाची रुंदी, खोली, कळ्यांची संख्या आणि आतला उतार यांचा नकाशा आपल्या हातचाच यावा. ताई तो येथील मेपल लाकडात कोरणार आहे.

घरातील सर्व थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

आपला आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. ताई बजावून सांगते, की प्रत्येक आकड्यापुढे परिमाण लिहावे. आपण सुतारी सुतात मोजलेत तरी चालेल, पण 'सूत' हा शब्द गाळू नये. एरवी पुढच्या चतुर्थीलाही मोहरीच यावयाची.