नाउनवाले सर

तालुक्याच्या गावी एसटी स्टँडमागे पिठाची गिरणी असते आणि गिरणीच्या माडीवर इंग्रजीचा क्लास. खाली जोंधळा, वर ग्रामर. 'नाउनवाले सर' एवढं म्हटलं की रिक्षावाला पुढचं काही विचारत नाही.

"नाउन इज अ नेमिंग वर्ड!" जूनमध्ये सर गिरणीवर आवाज चढवून सांगतात. प्रॉपर, कॉमन, कलेक्टिव्ह, मटेरियल, ॲबस्ट्रॅक्ट हे पाच प्रकार पोरांना पाच पांडवांच्या आधी पाठ होतात. लग्नाच्या पंगतीतही सरांचा तास चालूच. जिलबी कॉमन, तिच्यातली साखर मटेरियल, "आणि आग्रह?" असं शेजाऱ्याला विचारून "ॲबस्ट्रॅक्ट!" हे उत्तर स्वतःच देतात. तोवर वाढपी पुढे गेलेला असतो.

कलेक्टिव्ह नाउनला सरांचा गळा विशेष खुलतो. सिंहांचा 'प्राइड', जहाजांची 'फ्लीट', कावळ्यांचा चक्क 'मर्डर'. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, ऊसतोडीच्या टोळीला काय म्हणायचं?" सरांनी खडू खाली ठेवला. "ते परीक्षेला येत नाही."

अनकाउंटेबल नाउन मात्र त्यांच्या जिवाशी निगडित. पेठेतल्या एका पाटीवर 'फर्निचर्स' लिहिलंय. त्या शेवटच्या 'एस'पायी सरांनी तिथलं कपाट घेतलं नाही. बाईंच्या साड्या अजून ट्रंकेत आहेत. "फर्निचर मोजता येत नाही, पीस म्हणा," असं त्यांनी दुकानदाराला बजावलं. तो म्हणाला, "सर, आम्ही पीसच विकतो." 'मनी'सुद्धा मोजता येत नाही हे शिकवून झाल्यावर सर अंगठ्याला थुंकी लावून फी मोजायला बसतात. कुणी हसलं तर शांतपणे सांगतात, "हे रुपये आहेत. रुपी काउंटेबल आहे." आणि यात त्यांचं काडीचंही चुकत नाही. 'मेनी इन्फर्मेशन' लिहिणारा पोरगा त्यांच्या हातून सुटलेला नाही, हे श्रेय द्यायलाच हवं.

टेबलावर ब्राउन पेपर घातलेलं रेन अँड मार्टिनचं ग्रामरचं पुस्तक. त्यातल्या पी. सी. रेन यांनी १९२४ साली फ्रेंच फॉरिन लीजनवर 'बो जेस्ट' नावाची साहसी कादंबरी लिहिली, तिच्यावर हॉलिवूडने सिनेमेही काढले, असं कुणीतरी सांगितलं. सर गंभीर झाले. "ते रेन दुसरे असतील."

व्हर्ब कधी सुरू करणार, असं पालक विचारतात. सर म्हणतात, "दिवाळीनंतर." दिवाळीनंतर नाउनची उजळणी असते. पूर्वी इंग्रजी पाचवीपासून होतं, तेव्हा वेळ पुरत नव्हता. २००० साली राज्यात ते पहिलीपासून आलं आणि वेळच वेळ झाला. तो सगळा नाउनला गेला.

मध्यंतरी त्यांचा एक जुना विद्यार्थी पुण्याला मुलाखतीला गेला. स्वतःबद्दल काही सांगा, असं इंग्रजीत विचारल्यावर त्याने आपलं नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, शाळा, म्हैस, ऑनेस्टी, हार्डवर्क एवढं एका दमात म्हटलं आणि थांबला. समोरचे पुढच्या वाक्याची वाट बघत बसले. नोकरी काही मिळाली नाही. क्लासवर येऊन त्याने सगळी हकीकत सांगितली, तेव्हा सरांनी बोटांवर एकेक शब्द तपासला.

"सगळे बरोबर आहेत की रे," ते म्हणाले. "म्हशीला 'अ' लावला होतास ना?"