पारंबीची हजामत

शहराला सावली हवी असते, वड नको असतो. त्याची पानं पार्किंगमध्ये पडतात, फळं खाऊन पाखरं बॉनेट रंगवतात, मुळं फुटपाथ उचकटतात. मग सोसायटीच्या सभेत ठराव होतो, अर्ज जातो आणि मे महिन्यात कंत्राटदाराची शिडीवाली गाडी येते. पावसाळापूर्व छाटणी! तारांकडच्या फांद्या साफ, दुसऱ्या अंगाच्या जशाच्या तशा. आणि पारंब्या? त्या तर सगळ्यात आधी. बसच्या टपाला लागतात ना!

वडाचं सगळं गणित मात्र या पारंबीवरच. जमिनीत पोचली की ती खोड होते आणि लांबवर पसरलेल्या फांदीचा भार घेते. कोलकात्याजवळ शिबपूरच्या बागेतल्या वडाचं मूळ खोड बुरशीनं सडलं, १९२५ मध्ये ते काढून टाकलं. झाड अजून उभं आहे, निव्वळ पारंब्यांवर. तेलंगणात महबूबनगरच्या पिल्ललमर्री वडाला वाळवी लागली, तेव्हा २०१८ मध्ये त्याला औषधाचं सलाइन लावलं. आमच्याकडे वडाला लावतात ते क्लासचे बोर्ड. खिळे ठोकून.

भर रस्त्यात पारंबी उतरवायची कुठे, ही अडचण खरी आहे. पोकळ बांबूत किंवा पाइपात माती भरून तिला कडेला वळवता येतं. पण कडेला माती हवी! राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटर काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आपण त्या एका मीटरवर पेव्हर ब्लॉक बसवतो, वर ग्रॅनाइटचा पार, आणि पारावर पाटी: माननीयांच्या निधीतून.

एका अंगानं छाटलेला, केबलच्या खोदाईत मुळं गमावलेला वड जुलैत आडवा होतो. लगेच शेजारचाही 'धोकादायक' ठरतो. वृक्ष कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नाशी गाठलेलं झाड 'वारसा वृक्ष' झालं. तोडलंच, तर वयाइतकी रोपं लावायची. म्हणजे ऐंशी वर्षांच्या वडामागे ऐंशी रोपं, शहराबाहेरच्या टेकडीवर, काही तर पिशवीसकट. ज्याला सावली हवी, त्यानं रिक्षा करून जावं.

तोवर ज्येष्ठी पौर्णिमा येते. मंडईत वडाची डहाळी विकत मिळते. ती कुंडीत खोचायची, सूत गुंडाळायचं आणि दोन दिवसांत सुकणाऱ्या त्या डहाळीकडे सात जन्मांची हमी मागायची.