बाळंतविडा विणताना घ्यावयाची खबरदारी

नात्यात कुणाला दिवस गेल्याची बातमी आली की विणणाऱ्या बाईचे (आणि हल्ली एखाद्या बुवाचेही) हात शिवशिवू लागतात. ही अवस्था नैसर्गिक असून तिच्यावर औषध नाही. प्रस्तुत मार्गदर्शन अशा इच्छुकांसाठी आहे. क्रोशाची सुई धरता येणं, साखळी घालता येणं आणि कुणी बोलत असताना टाके मोजता येणं, एवढी पात्रता पुरे. तिसरी गोष्ट जमत नसेल तर घरच्यांना गप्प बसायला सांगावं.

पहिली अडचण गुप्ततेची. आपल्याकडे बाळ जन्माला येण्याआधी त्याच्यासाठी काही आणायचं नसतं, करायचं नसतं आणि केलंच तर बोलायचं नसतं. सुरुवातीला बाळाला घालतात तीही दुसऱ्या कुणाच्या मुलानं वापरलेली, धुऊन धुऊन मऊ झालेली झबली. म्हणजे जे विणायचं ते अस्तित्वातच नाही असं धरून विणायचं. होणाऱ्या आजीनं विचारलं, "काय चाललंय गं?" तर "काही नाही, हात रिकामे होते" असं म्हणावं. हातात अंगठ्याएवढा पायमोजा असताना हे वाक्य गंभीर चेहऱ्यानं म्हणता यायला हवं. आरशासमोर सराव करावा. आजी विश्वास ठेवत नाही, पण पुढं विचारतही नाही. तिनं स्वतः हेच वाक्य वापरलेलं असतं.

रंगावर खल करू नये. गर्भलिंगनिदानावर 1994 च्या कायद्यानं बंदी आहे आणि ती असायलाच हवी. त्यामुळे गुलाबी की निळा हा वाद आपल्याकडे प्रसूतीपर्यंत तहकूब असतो. उरतो पिवळा. पिवळ्याला कंटाळलेल्यांसाठी पोपटी, आणि धाडस अंगात असेल तर दुकानदार ज्याला 'क्रीम' म्हणतो तो रंग, जो पहिल्या गुटीनंतर पिवळाच होतो.

आता खरेदी. पुण्यात असाल तर तुळशीबागेत जावं, इतरत्र असाल तर तुमच्या गावच्या तुळशीबागेत. लोकरीच्या गुंड्यावर जो कागद गुंडाळलेला असतो त्यावर रंगाच्या क्रमांकाशिवाय आणखी एक क्रमांक असतो, लॉटचा. एका लॉटमधली लोकर एकाच वेळी एकाच पिंपात रंगलेली असते. पुढच्या लॉटचा पिवळा हा पिवळाच असतो, पण चुलतभावासारखा. दुकानदार मायेनं सांगतो, "ताई, आत्ता तीनच न्या, लागली तर परत या, कुठं जातेय लोकर?" लोकर जाते. तुम्ही परत जाता तेव्हा तो लॉट संपलेला असतो आणि मग दुपट्याचा शेवटचा वीतभर भाग वेगळा दिसतो. त्यावर विचारणा झाल्यास "डिझाइनच तसं आहे" असं सांगावं. हे उत्तर विणकामात इतर ठिकाणीही चालतं.

लोकर घ्यावी की सुती दोरा, याचा निर्णय हवामानावर सोडावा, असं शहाणी माणसं म्हणतील. पण महाराष्ट्रात हा निर्णय आजी घेते. मे महिन्यात, ठाण्यात, पंख्याचं रेग्युलेटर पाचावर असताना बाळाच्या कानाला वारा लागण्याचा धोका तिला स्पष्ट दिसत असतो. बालरोगतज्ज्ञ सांगतात की बाळाला घरात झोपवताना डोक्यावर टोपी नको, अंथरुणात सैल पांघरूण नको. फार उबेनंही बाळाला अपाय होतो आणि तोंडावर आलेलं कापड त्याला बाजूला करता येत नाही. हे त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं आहे आणि इथं तरी विडंबन थांबवून सांगायला हवं: विणलेलं टोपडं बाहेर नेताना, जागेपणी, कुणाचं तरी लक्ष असताना. म्हणून मऊ सुती दोरा घ्यावा. लोकर म्हणून दुकानात मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिकच असते. ती मेंढीच्या अंगावरून नव्हे, कारखान्यातून येते, घाम शोषत नाही आणि ठिणगी पडली तर वितळून चिकटते.

टोपडं हा बाळंतविड्यातला प्रवेशपरीक्षेचा पेपर. त्याचं गणित असं. जन्माच्या वेळी डोक्याचा घेर साधारण 34 ते 35 सेंटिमीटर असतो, तीन महिन्यांनी 40 च्या आसपास जातो, वर्षाचं होईतो 45-46. तीन महिन्यांच्या बाळासाठी विणायचं तर 40 ला 3.14 नं भागावं, पावणेतेरा येतात. विणकाम ताणतं, म्हणून सेंटिमीटरभर सोडून द्यावा. टाळूपासून चपटी गोल चकती विणत जावं आणि ती बारा सेंटिमीटर झाली की टाके वाढवणं बंद करून सरळ खाली उतरावं. चकती चपटी राहायची तर पहिल्या फेरीत बारा खांब, दुसरीत चोवीस, तिसरीत छत्तीस, दर फेरीला बाराच वाढवायचे. कमी वाढवले तर वाटी होते. जास्त वाढवले तर कडेला झालर येते, ती दाबली की दुसरीकडून उठते आणि टोपडं फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं दिसू लागतं.

झालर आली म्हणून कुणी खचून जाऊ नये. दायना तायमिना नावाच्या लाटवियन गणितज्ञ बाईंनी 1997 साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात मुद्दाम हेच केलं. दर फेरीला ठरावीक प्रमाणात टाके जास्त वाढवत नेले की जो चुण्या-चुण्यांचा पृष्ठभाग तयार होतो, तो भूमितीतला हायपरबोलिक पृष्ठभाग असतो. विद्यार्थ्यांना हातात धरून, दुमडून समजून घेता येईल अशी त्याची टिकाऊ प्रतिकृती तोवर नव्हती. कागदाच्या होत्या त्या फाटत. तेव्हा तुमच्या नणंदेनं "हे काय झालंय?" म्हणून टोपडं वर धरलं, तर तिला एवढंच सांगावं की हे अजून जगात मोजक्या लोकांना कळतं.

नमुने आता यूट्यूबवर फुकट मिळतात आणि तिथंच घात होतो. अमेरिकेतली बाई ज्याला सिंगल क्रोशे म्हणते, त्याला इंग्लंडमधली बाई डबल क्रोशे म्हणते. अमेरिकन डबल म्हणजे इंग्रजी ट्रेबल. बाई कुठली आहे हे न बघता विणायला घेतलं की टोपड्याची पिशवी होते. आपल्याकडे साखळी, मुका खांब, अर्धा खांब आणि खांब एवढ्यावर शेजारणीशेजारणींत पिढ्यान् पिढ्या काम भागलं, कारण शंका आली की कठड्यावरून हात पुढं करून विचारता येत होतं.

हाताची ओढ सारखी ठेवावी, असं प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं असतं. ही पुस्तकं लिहिणारे मराठी मालिका बघत नसावेत. सासूचं कारस्थान रंगात आलं की टाके आवळतात, नायिका माफ करून टाकते तेव्हा सैल पडतात. जाणकार नजरेला एखाद्या स्वेटरच्या पाठीवरून कथानक वाचता येतं. यावर उपाय म्हणजे बातम्या लावाव्यात. तिथं ओढ पहिल्यापासून शेवटपर्यंत आवळलेलीच राहते.

क्रोशाचा एक मोठेपणा मान्य केला पाहिजे. दोन सुयांच्या विणकामात सगळी ओळच्या ओळ सुईवर टांगलेली असते. एक घर निसटलं की शिडी थेट खालपर्यंत उतरते. क्रोशात जिवंत घर एकच. बेल वाजली, कुकरच्या शिट्ट्या झाल्या, तर तेवढं एक घर लांब ओढून ठेवून उठता येतं. आणि काम बिघडलं तर दोरा ओढायचा. तीन आठवडे तीन मिनिटांत उसवले जातात. घरातल्या लहान मुलाला हे कळलं की तो मदतीला येतो.

सजावटीच्या बाबतीत कडक धोरण ठेवावं. टोपड्याला मोती नको, बटण नको, गळ्याशी लांब नाडी नको. हत्ती-ससे विणायचे असतील तर प्लॅस्टिकचे डोळे न लावता दोऱ्यानं भरून काढावेत; बाळाच्या दृष्टीनं जगातल्या सगळ्या वस्तू खाद्यपदार्थ असतात. जाळीचं काम बाळाच्या दुपट्यावर टाळावं, बोटं अडकतात. मोज्यांच्या आत सुटे दोरे लोंबत ठेवू नयेत. एखादा बोटाभोवती गुंडाळला तर रक्त अडतं आणि बाळाला फक्त रडता येतं, सांगता येत नाही. एवढं सगळं वजा केल्यावर जे उरतं ते फार देखणं दिसत नाही. बाळाला पत्ता नसतो. आईला मात्र बरं वाटतं.

सणांच्या सजावटीचा विभाग स्वतंत्र असला तरी विणणारी तीच आणि वेळ तोच, त्यामुळे घोळ होतो. महाराष्ट्रात 2018 साली थर्माकोलवर बंदी आली. तेव्हापासून गणपतीच्या मखरासाठी घराघरांत काहीतरी पर्यावरणपूरक शोधलं जातं आणि घरात क्रोशा येणारी व्यक्ती असेल तर शोध लवकर संपतो. कमळ विणावं, आसन विणावं. उंदीर मात्र आधी विणू नये. तो फार गोंडस होतो आणि बारशाच्या पाहुण्यांपैकी कुणीतरी पळवतो.

दसऱ्याच्या तोरणाचा हिशेब आधी कागदावर मांडून बघावा. दाराच्या चौकटीला पन्नास झेंडू आणि अकरा आंब्याची पानं धरली, फुलाला वीस मिनिटं आणि पानाला पंधरा, तर साडेएकोणीस तास होतात. हे एका दाराचं. "किती सुंदर झालंय, आमच्यासाठी पण कर ना" असं म्हणणाऱ्या तीन शेजारणी धरल्या तर तोरणांतच अठ्ठ्याहत्तर तास जातात, आणि रस्त्यावर खऱ्या झेंडूचा ढीग लागलेला असतो. पण खरा झेंडू दुसऱ्या दिवशी मान टाकतो. विणलेला पुढच्या दसऱ्यापर्यंत तिथंच असतो, उन्हानं विटत, धूळ खात, आणि उतरवायचा कुणी हे ठरत नाही म्हणून त्यापुढच्या दसऱ्यापर्यंतही.

आकाशकंदिलासाठी फुगा फुगवावा, विणलेली जाळी त्यावर ताणून बसवावी, वर पाणी घालून पातळ केलेला फेव्हिकॉल किंवा साबुदाण्याची खळ लावावी, पूर्ण वाळू द्यावं आणि फुगा फोडावा. पूर्वी क्रोशाचे रुमाल साखरेच्या पाकात बुडवूनही कडक करत. ज्या घरात मुंग्या नसतात तिथं हे करून बघावं. आत एलईडीचाच दिवा हवा. पणती ठेवण्याचा विचार मनात आला तर अ‍ॅक्रिलिकविषयीचं वाक्य पुन्हा वाचावं.

लोक विचारतील, "तू हे विकत का नाहीस?" ही स्तुती आहे, मागणी नाही. किंमत सांगताच ती ओसरते. "दोनशेला देतेस का? बाजारात मिळतं तेवढ्याला." बाजारात मिळतं हे खरं. पण स्वेटर यंत्रावर विणता येतात तसं खरं क्रोशाकाम यंत्रावर होत नाही. जो तुकडा दोनशेला मिळतो तोही कुणाच्या तरी बोटांनीच विणलेला असतो, आणि त्या बोटांच्या वाट्याला दोनशेतले किती आले असतील याचा हिशेब तोरणाच्या गणितावरून करून बघावा. म्हणून एक तर पुरेशी किंमत सांगावी, नाहीतर फुकट द्यावं. मधला भाव सांगितला की पैसेही मिळत नाहीत आणि उपकारही राहत नाहीत.

फुकट देणाऱ्यांमध्ये मोठी माणसं होऊन गेली आहेत. राणी व्हिक्टोरियानं ऐंशी वर्षं ओलांडल्यावर, 1900 साली, बोअर युद्धातल्या निवडक सैनिकांसाठी स्वतः क्रोशानं स्कार्फ विणले. शौर्याबद्दल मिळालेली ती भेट असल्यानं "जरा लहान झालाय, पण असू दे" असं तिला कुणी म्हटलं नसावं. तुमच्यापाशी साम्राज्य नसेल तर ते वाक्य ऐकण्याची तयारी ठेवावी.

कारण उशीर होणारच. बारसं बाराव्या दिवशी आणि टोपडं विसाव्या फेरीला, हा या कलेचा सनातन पेच आहे. बाळाचं डोकं पहिल्या तीन महिन्यांत महिन्याला जवळजवळ दोन सेंटिमीटर वाढतं. तुमचा वेग त्याहून कमी असेल तर शर्यत सोडून द्यावी आणि थेट वर्षाच्या मापाचं विणावं. कुणी विचारलं तर "वाढत्या अंगाचं केलंय" असं सांगावं. हे वाक्य शिंप्यांनी इतकी वर्षं वापरलं आहे की त्यावर कुणी उलट प्रश्न करत नाही.

देताना सोबत चिठ्ठी हवी: साध्या पाण्यात हातानं धुवावं, पिळू नये, टांगू नये, सावलीत आडवं पसरून वाळवावं. ही चिठ्ठी पहिल्या दिवशी हरवते आणि टोपडं जीन्सबरोबर मशीनमध्ये जातं. सुती असेल तर त्यातूनही वाचतं. ते बाळाच्या डोक्यावर आहे का, फोटो का आला नाही, बाहुलीला का घातलंय, अशी चौकशी फोनवर करू नये. फार वाईट दिसतं. त्यापेक्षा बाळंतविड्याबरोबर अळिवाच्या लाडवांचा डबा द्यावा, स्टीलचा, नाव घातलेला. लाडू हमखास संपतात, आणि महिन्याभरानं डबा न्यायला स्वतः गेलं की दोरीवर काय वाळतंय ते आपोआप दिसतं.