स्वागताध्यक्ष

नवा तहसीलदार लोणारला रुजू व्हायला येतो तेव्हा त्याची बॅग अजून गाडीच्या डिकीत असते आणि भाऊंची शाल त्याच्या खांद्यावर. ठाणेदार असो, बँकेचा मॅनेजर असो की गुरांच्या दवाखान्यातला नवा डॉक्टर, या गावात आलेला माणूस आधी भाऊंना सापडतो, मग त्याला त्याचं ऑफिस सापडतं. भाऊंचा हुद्दा काय, हे कोणी विचारत नाही. निमंत्रणपत्रिका कोणाचीही असो, ‘स्वागताध्यक्ष’ या शब्दापुढे नाव त्यांचंच.

त्यांच्या घरात एक लोखंडी कपाट फक्त सत्काराच्या मालाचं आहे. मी ते आतून पाहिलंय. वरच्या खणात डांबरगोळ्यांचा वास मारणाऱ्या शाली. त्यातल्या निम्म्या फिरून आलेल्या, कारण भाऊ ज्यांचा सत्कार करतात ते पुढे कुठल्या तरी कार्यक्रमात भाऊंचा सत्कार करतात आणि शाल सुखरूप घरी येते. एका जांभळ्या शालीच्या कोपऱ्यावर हळदीचा डाग आहे. त्या डागावरून भाऊ तिचा सगळा प्रवास सांगतात: दोन ठाणेदार, एक कीर्तनकार, दहावीत पहिली आलेली मुलगी, पुन्हा ठाणेदार. मधल्या खणात नारळ. ते हलवून पाहायचे नाहीत, असा घरात दंडक आहे. खाली सन्मानचिन्हं, नावाची पट्टी अलगद निघावी अशा बेतानं चिकटवलेली.

हे सगळं निव्वळ हौसेपोटी चालतं, असं मात्र समजू नका. अतिक्रमण हटवायच्या तयारीनं आलेला एक कडक अधिकारी मला आठवतो. पहिल्या आठवड्यात भाऊंनी त्याला कबड्डीच्या उद्घाटनाला नेलं, दुसऱ्या आठवड्यात वाचनालयाच्या वर्धापनदिनाला, मग हळदीकुंकवाच्या बक्षीसवाटपाला. ज्या टपऱ्या उठवायच्या, त्यांच्याच मालकांच्या हातून त्यानं हार घालून घेतले. आता टपरी उठवणार कशी? टपऱ्या अजून आहेत. साहेबांची दोन वर्षांत बदली झाली आणि निरोप समारंभात त्यांचे डोळे भरून आले.

आता लोणारला आभाळातून येणाऱ्यांचं नवल नाही. गावाला लागून जे सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर आहे, ते बेसॉल्टच्या खडकावर उल्का आदळूनच झालंय. ती कधी आदळली यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. कोणी ५० हजार वर्षं म्हणतात, कोणी साडेपाच लाखांच्याही पुढे जातात. भाऊंना याचा फार त्रास होतो. वर्धापनदिन साजरा करावा म्हटलं तर तारीखच नक्की नाही! पुराणातल्या कथेत इथे लवणासुर राहायचा आणि विष्णूनं त्याचा वध केला; गावातलं दैत्यसूदन मंदिर त्याचीच आठवण. त्यावरही भाऊंचं स्वतंत्र मत आहे. “घाई झाली. आधी दोन शब्द बोलून पाह्याचे.”

२०२० च्या जूनमध्ये विवरातल्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा भाऊ टाळेबंदीमुळे घरात कोंडलेले होते. पुण्याच्या आघारकर संस्थेनं पाणी तपासून सांगितलं की मीठ आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आलाय. भाऊंनी विचारलं, ते जीव बाहेरचे की इथलेच? इथलेच म्हटल्यावर त्यांचा रस संपला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर दर्जा जाहीर झाला. रामसर हे इराणमधलं गाव, तिथे १९७१ मध्ये पाणथळ जागांचा करार झाला, हे आम्ही त्यांना समजावून सांगेपर्यंत ‘आदरणीय राम सर यांचे लोणारनगरीत सहर्ष स्वागत’ हा फ्लेक्स छापखान्यात गेला होता.

पण माणसाची खरी जात कळली ती २ एप्रिल २०२२ ला. पाडव्याची संध्याकाळ. विदर्भाच्या आभाळातून जळते गोळे ओळीनं, सावकाश सरकत गेले. लोक गच्च्यांवर. कोणी हात जोडले, कोणी मोबाइल काढला, पोरं ओरडली, “एलियन आले!” भाऊ बनियनवर अंगणात आले, मान वर करून बघितलं आणि शांतपणे विचारलं, “किती जन हायेत? शाली त्या हिशेबानं काढतो.”

दुसऱ्या दिवशी कळलं की चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूची एक भलीमोठी कडी पडली. चिनी रॉकेटचा तुकडा असावा, असा तज्ज्ञांचा कयास होता. कडी पोलिसांनी ठाण्यात नेऊन ठेवली. ती बातमी वाचून भाऊ खरोखर दुखावले. “ठान्यात काहून नेली? एवढ्या लांबून आली. निदान एक हार?”

आमच्या शाळेतल्या एका गुरुजींनी मग त्यांना अमेरिकेतली गोष्ट सांगितली. १९३८ च्या ऑक्टोबरात तिथल्या रेडिओवर ऑर्सन वेल्सनं एक श्रुतिका केली. न्यू जर्सीतल्या ग्रोव्हर्स मिल नावाच्या खेड्यात मंगळावरचे लोक उतरलेत, अशी बातम्यांच्या थाटात. काही श्रोत्यांना ती खरीच वाटली आणि त्यांची तारांबळ उडाली. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं.

“त्यायले पह्यलं भेटलं कोन?”

“पोलीस. पांढरं निशाण घेऊन गेले होते. जळून खाक झाले.”

“होईनच. निशान कायले? शाल न्याची.”

लोणारपुरता त्यांचा बेत पक्का आहे आणि बसस्टँडसमोरच्या हॉटेलात ते तो कोणालाही ऐकवतात. तबकडी सरोवरात उतरवायची नाही. ते अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीतच पाहुण्यांचं निम्मं आयुष्य जाईल. शाळेच्या मैदानावर उतरवायची. दार उघडलं की डफडी सुरू. डोकी दोन असली तर फेटे दोन, हात सहा असले तर गुच्छ सहा. “खर्च वाढते, पन इलाज नाही.”

पाहुण्यांच्या म्होरक्याला बिचाऱ्याला एकच वाक्य बोलायचं असणार: आजपासून हे गाव आमच्या ताब्यात आहे. पण प्रमुख पाहुण्याचं भाषण असतं अगदी शेवटी, अध्यक्षीय समारोपाच्या आधी. त्यापूर्वी दीपप्रज्वलन, मुलींचं स्वागतगीत आणि प्रास्ताविक, म्हणजे उल्कापातापासूनचा इतिहास. मग मान्यवरांचा सत्कार. मान्यवर यादीत अडतीस, शिवाय राहिलेल्या नावांच्या चिठ्ठ्या सूत्रसंचालकाच्या हातात येतच असतात. म्होरक्याच्या हातातलं ते किरण सोडणारं हत्यार कोणीतरी “आना इकडं, धरतो” म्हणून केव्हाच घेतलंय. ते नारळांच्या ताटाशेजारी ठेवलंय आणि त्याच्यावर आता हारांचा ढीग पडलाय. त्याची पाळी येते तेव्हा सूत्रसंचालक बजावतो की वेळेअभावी दोनच शब्द बोलावेत. तो माइकसमोर उभा राहतो आणि लाइन जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तबकडीपुढे रांग. एका मास्तरांना बदली पाहिजे, घराजवळची. एकाचा सोयाबीनचा विमा अडकलाय. एका मावशींना रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवायचंय. त्या म्होरक्याच्या मधल्या डोळ्यात बघून सांगतात, “तुमच्या ओळखी वरपर्यंत हायेत, म्हून आली.” गणपती मंडळाची पोरं पाचशे एकची पावती फाडून मोकळी होतात. दुपारपर्यंत चौकात दुसऱ्या गटाचा फ्लेक्स लागतो, कारण कालच्या कार्यक्रमाला त्यांना बोलावलं नव्हतं. त्यांचं म्हणणं, हे परग्रहवासी भाऊंनी मॅनेज केलेले आहेत. खरे पुढच्या महिन्यात येणार आणि ते आमच्याच नेत्याकडे उतरणार. फ्लेक्सवर वर नेता, खाली कार्यकर्त्यांचे गोल फोटो, आणि तळाशी डाव्या कोपऱ्यात इंटरनेटवरून उतरवलेला हिरव्या तोंडाचा एक गडी, हात जोडलेला.

हे सगळं भाऊ इतक्या खात्रीनं सांगतात की मैदानाकडे एकदा नजर टाकावीशी वाटते. तरी मी एकदा त्यांना अडवलंच. म्हटलं, “भाऊ, एवढं करूनही त्यांनी गाव खरंच ताब्यात घेतलं तर?”

भाऊंनी बशीतला चहा संपवला, बशी पालथी केली.

“घेऊ द्या की. नळाले पानी कवा येते, घंटागाडी काहून येत नाही, मेन रोडचं काम कवा होते, सगळं त्यायलेच इचारू. आठ दिवसांत बदली मागतीन.”